नाव बदललं, सही बदलली. पैसे मात्र अडले

या महिन्यातली बरीचशी पत्रं एकाच अडचणीची आहेत. पैसे आपले, म्युच्युअल फंडातले युनिट, म्हणजे आपले हिस्से, आपल्या नावावर, पण काढायला गेलं की समोरून विचारणा होते: हे तुम्हीच, याला पुरावा काय? निवृत्त होईपर्यंत मी बँकेच्या काउंटरच्या आतल्या बाजूला होते. लोकांच्या सह्या जुळवून पाहणं हे माझं रोजचं काम होतं. त्यामुळे हा प्रश्न विचारणाऱ्याची बाजू मला ठाऊक आहे, आणि विचारला गेल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर काय उमटतं तेही मी पाहिलं आहे. म्हणून यावेळी दुसरे विषय बाजूला ठेवून याच पत्रांना उत्तरं देते. पहिलं पत्र लांब आहे. ते मी फारसं कापलेलं नाही, कारण अशी परिस्थिती आपल्याकडच्या असंख्य बायकांची आहे.

ताई, नमस्कार. मी सातपूरच्या अशोकनगरला राहते. लग्नाआधी अंबडच्या एका कारखान्यात ऑफिसला होते. तेव्हा पगारातून २००५ साली म्युच्युअल फंडात दरमहा पाचशे रुपये टाकायला सुरुवात केली. फॉर्मवर पॅन नंबरही दिला होता. २००६ मध्ये लग्न झालं. सासरी आडनाव तर बदललंच, पण पहिलं नावही बदललं. मुलगी झाल्यावर हप्ते थांबवले, पैसे मात्र तसेच राहू दिले. माझं पॅनकार्ड माहेरच्या नावाचं आहे, आधार सासरच्या नावाचं. फंडात दिलेलं बँक खातं देना बँकेतलं होतं, तेही माहेरच्या नावाचं, आणि ते मी कधीच बंद केलंय. आता मुलीला इंजिनीअरिंगला प्रवेश मिळालाय. फीसाठी पैसे काढायचा फॉर्म भरला तर "केवायसी ऑन होल्ड, नाव जुळत नाही" म्हणून परत आला. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, आधी तुम्ही त्याच आहात हे सिद्ध करा. रडू आलं मला. माझेच पैसे काढायला मीच मी आहे हे कुणाला कसं सांगू? आमच्या कॉलनीतला एक जण म्हणतो, पाच टक्के द्या, आठ दिवसांत करून देतो. देऊ का?
एक वाचक, अशोकनगर

नाही, देऊ नका. बाकीचं सविस्तर सांगते, पण हे आधी. केवायसी म्हणजे ओळख आणि पत्ता यांची पडताळणी. तिच्या दुरुस्तीला फंड कंपनी किंवा फंडाच्या नोंदी सांभाळणारा रजिस्ट्रार पैसे घेत नाही. त्या गृहस्थांना तुमची कागदपत्रं आणि मोबाइलवर येणारा ओटीपी द्यावा लागणार, म्हणजे तुमच्या पैशांची किल्लीच त्यांच्या हातात जाणार. ते प्रामाणिक असले तरी ऑफिसात तेच कागद लागणार जे तुम्हाला लागतात. यात आडवाट नाही.

आता मनातली भीती काढून टाका. तुमचे पैसे कुठेही गेलेले नाहीत. युनिट तुमच्या फोलिओत, म्हणजे फंडातल्या तुमच्या खात्यात, आहेत, त्यांचा भाव रोज बदलतो आहे, आणि केवायसी अडकली म्हणून कुणी ते जप्त करत नाही. अडकलंय ते फक्त बाहेर येण्याचं दार.

तुमच्या बाजूने सगळ्यात भक्कम गोष्ट कोणती, तर पॅनचा नंबर. नाव बदललं तरी पॅनचा नंबर आयुष्यभर तोच राहतो. २००५ च्या फॉर्मवर तुम्ही तो लिहिलात, तुमच्या फोलिओच्या स्टेटमेंटवर तो असेल, आणि अशोकनगरची सासुरवाशीण ही तीच अंबडची नोकरदार मुलगी आहे हे दाखवणारा सरळ धागा तो आहे. म्हणून एक गोष्ट चुकूनही करू नका: सासरच्या नावाने नवं पॅनकार्ड काढू नका. एका माणसाकडे दोन पॅन असणं हा आयकर कायद्याने दंडाचा विषय आहे, दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे नव्या नंबरामुळे तुमचा फोलिओशी असलेला संबंधच तुटतो. तुम्हाला हवी आहे ती आहे त्याच पॅनमधली दुरुस्ती.

यात क्रम महत्त्वाचा आहे. मला दिसलेले बहुतेक लोक इथेच थकतात. आधी पैसे काढायचा फॉर्म भरतात, तो परत येतो, मग बँक बदलायचा फॉर्म भरतात, तोही परत येतो, कारण मुळात नावच जुळलेलं नसतं. तुम्ही मुळापासून वर या.

मूळ म्हणजे दोन नावांना जोडणारा सरकारी कागद. तुमचं लग्न महापालिकेत नोंदवलेलं आहे का, ते पत्रात नाही. नोंदवलं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढून पाहा, त्यावर लग्नाआधीचं पूर्ण नाव नीट आलं आहे का. नोंद नसेल तर आताही करता येते. महाराष्ट्राचा १९९८ चा कायदा उशिरा नोंदणी करू देतो, थोडं जास्त शुल्क पडतं. नाशिक महापालिकेच्या सातपूर विभागीय कार्यालयात चौकशी करा. लग्नपत्रिका, लग्नातला फोटो, दोघांचे वयाचे आणि पत्त्याचे पुरावे आणि तीन साक्षीदार लागतात. लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागते. एवढ्या वर्षांनी ते नसतील तर काय करायचं, हे कार्यालयातच आधी विचारून मग साक्षीदार गोळा करा, म्हणजे सगळ्यांची फेरी वाया जाणार नाही.

पण तुमचं पहिलं नावही बदललंय. लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव घरच्यांसाठी खरं असतं, सरकारी दफ्तरात मात्र त्याची नोंद कुठेच नसते. आडनाव बदललं तर विवाह प्रमाणपत्रावर काम भागतं. पहिलं, मधलं, शेवटचं अशी तिन्ही नावं वेगळी असतील तर समोरच्या माणसाला ती दोन वेगळ्या बायकांची कागदपत्रं दिसतात, आणि त्याला दोष देता येत नाही. म्हणून मी तुम्हाला राजपत्राचा मार्ग सुचवते. महाराष्ट्र शासन राजपत्रात नावातले बदल प्रसिद्ध होतात. अर्ज शासकीय मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होतो, जवळच्या आपले सरकार सेवा केंद्रातूनही भरून घेता येतो. जुनं नाव, नवं नाव, कारण विवाह. प्रसिद्ध झालेलं पान डाउनलोड करून त्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवा. नोटरीकडून "दोन्ही नावांची व्यक्ती एकच" असं प्रतिज्ञापत्र करून घ्या असं बरेच जण सांगतात. ते सोबत जोडायला ठीक आहे, पण त्याच्या एकट्याच्या जोरावर पॅनचं नाव बदलेल या भरवशावर राहू नका.

राजपत्र हातात आलं की पॅनवरचं नाव दुरुस्त करून आधारवर आहे अगदी तसंच करून घ्या. अक्षरन् अक्षर. शाळेच्या दाखल्यावर आपल्याकडे आडनाव आधी लिहायची पद्धत आहे, पॅनवर ते शेवटी येतं. फॉर्म भरताना रकाने नीट पाहा, नाहीतर पतीचं नाव पहिल्या नावाच्या जागी जाऊन बसतं. आधारमधलं नाव आत्ता बदलू नका. तुमचं रोजचं नाव तेच आहे, आणि आधारमध्ये नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं.

पॅन दुरुस्त झालं की ते आधारला जोडा. दोन्हीकडची नावं वेगळी असल्यामुळे तुमची जोडणी आजवर झालेली नसणार, म्हणजे १ जुलै २०२३ पासून तुमचं पॅन निष्क्रिय पडलेलं असण्याची शक्यता आहे. आयकर विभागाच्या संकेतस्थळावर ते तपासता येतं. उशिराच्या जोडणीला एक हजार रुपये भरावे लागतात. हे हजार टाळता येणार नाहीत, पण कॉलनीतल्या पाच टक्क्यांपुढे ते काहीच नाहीत.

मग केवायसी दुरुस्तीचा फॉर्म. तो फंड कंपनीच्या किंवा रजिस्ट्रारच्या कार्यालयात मिळतो. कॅम्स आणि केफिनटेक हे दोन मोठे रजिस्ट्रार आहेत आणि दोघांचीही सेवा केंद्रं नाशिकमध्ये आहेत. तुमचा फंड कोणाकडे आहे हे स्टेटमेंटच्या तळाशी छापलेलं असतं, निघण्याआधी तेवढं वाचा. मूळ कागद सोबत न्या, प्रतींवर स्वतः सही करा, आणि प्रत्येक प्रतीवर आडवं लिहा: "फक्त केवायसीसाठी", खाली तारीख. लाइट बिल आणि बँक पासबुक एप्रिल २०२४ पासून केवायसीला पुरावा म्हणून चालत नाही. आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र यांपैकी एक लागतं. मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचा द्या आणि त्यावर येणारी पडताळणी पूर्ण करा. नाव जुळूनही केवळ मोबाइल-ईमेल पडताळला नाही म्हणून "ऑन होल्ड" राहिलेली खाती मी पाहिली आहेत. केवायसीची स्थिती नंतर केआरएच्या, म्हणजे केवायसीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर पॅन टाकून घरी बसून पाहता येते. "व्हॅलिडेटेड" दिसलं तर उत्तम. "रजिस्टर्ड" दिसलं तरी आहे त्या फंडातून पैसे काढायला अडचण नाही.

यानंतर फोलिओतलं नाव आणि बँक खातं. हे दोन्ही अर्ज एकाच फेरीत द्या. नव्या खात्याचा, तुमचं नाव छापलेला, रद्द केलेला चेक जोडा. जुन्या खात्याचाही पुरावा मागतील. देना बँक एप्रिल २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, त्यामुळे जुनं पासबुक सापडलं नाही तर आता बँक ऑफ बडोदाच्या शाखेत जाऊन, ते खातं तुमचं होतं आणि बंद झालं आहे, असं लेटरहेडवर लिहून मागा. तेही मिळालं नाही तर रजिस्ट्रारच्या केंद्रात मूळ पॅन घेऊन स्वतः हजर राहून पडताळणी करून द्यायची तयारी दाखवा. बँक बदलल्यानंतर दहा दिवस थांबावं लागतं. त्या मुदतीत पैसे काढले तर ते अडू शकतात. हे दहा दिवस चिडचिड करणारे असले तरी मला ते मान्य आहेत. कुणी तुमच्या नावाने खोटा फॉर्म देऊन खातं बदललं, तर तुमच्या मोबाइलवर संदेश येऊन तुम्हाला ओरड करायला तेवढा वेळ मिळतो.

आणि मग शेवटी पैसे काढायचा अर्ज. दुपारी तीनच्या आत दिला तर त्या दिवसाचा भाव मिळतो. अर्ज नामंजूर झाला तर त्या दिवसाच्या भावावर हक्क राहत नाही, म्हणून सगळं जुळल्याशिवाय तो देऊ नका. अर्ज बरोबर असेल तर तीन कामकाजी दिवसांत पैसे खात्यात यायला हवेत. त्याहून उशीर झाला तर फंड कंपनीने वर्षाला पंधरा टक्के दराने व्याज द्यायचं असतं. शेअर बाजार आणि फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचाच नियम आहे, मागायला संकोच करू नका.

या सगळ्याला काही आठवडे लागतील, हे तुमच्यापासून लपवणार नाही. कॉलेजची फी त्यासाठी थांबणार नाही, म्हणून ती वेगळी सोडवू. तुमची मुलगी ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएस प्रवर्गात असेल, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झाला असेल, तर राज्य सरकारच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमातल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा फी माफ आहे. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात आजच विचारा. कदाचित हे पैसे काढावेच लागणार नाहीत, आणि मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी ते तसेच वाढत राहतील. माफी लागू नसेल तर प्राचार्यांना भेटून हप्त्यांची विनंती करा. सोबत फोलिओचं स्टेटमेंट न्या, म्हणजे पैसे आहेत आणि येणार आहेत हे त्यांना दिसेल.

तुम्हाला रडू आलं, त्याबद्दल एकच सांगते. तुम्ही वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या पगारातून ठेवलेले हे पैसे आहेत. ते काढण्यासाठी ताठ मानेने काउंटरवर जा.

माझे वडील नोट प्रेसमधून निवृत्त झाले. वय ७९. हात थरथरतो. फंडातून औषधोपचारासाठी पैसे काढायचे आहेत, पण सही जुळत नाही म्हणून फॉर्म परत आला. दुसऱ्यांदा केलेली सही तर पहिलीशीही जुळत नाही. पैसे माझ्या खात्यात घ्यावेत का?
एक वाचक, जेलरोड, नाशिकरोड

तुमच्या खात्यात येणार नाहीत. फोलिओधारकाच्या स्वतःच्या नोंदलेल्या खात्यातच पैसे जातात, मुलगा असला तरी नाही. ऐकायला हे कठोर वाटतं, पण वृद्ध आईवडिलांच्या नावाचे पैसे परस्पर वळवल्याची प्रकरणं बँकेत असताना मी पाहिली आहेत. हा नियम त्या म्हाताऱ्या माणसांच्या बाजूचा आहे.

सहीचं मात्र सोडवता येतं. सही बदलण्याचा फॉर्म असतो. त्यावर वडिलांनी आता जशी जमते तशी सही करायची, आणि त्यांचं खातं ज्या बँकेत आहे तिथल्या अधिकाऱ्याने ती त्याच्यासमोर झाली असं प्रमाणित करायचं. अधिकाऱ्याचं नाव, पद, कर्मचारी क्रमांक आणि बँकेचा शिक्का, या चारही गोष्टी स्पष्ट उमटल्या आहेत हे शाखेतून बाहेर पडण्याआधी तपासा. पुसट शिक्क्यामुळे परत आलेले फॉर्म थोडेथोडके नाहीत. वडिलांना नेणं कठीण असेल तर शाखाधिकाऱ्यांना आधी फोन करून परिस्थिती सांगा. सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच मूलभूत सेवा द्याव्यात असं रिझर्व्ह बँकेचं बँकांना सांगणं आहे. सही प्रमाणित करायला कुणी घरी येईल का, हे तेवढ्यासाठी जरूर विचारा.

सही अजिबातच जमत नसेल तर अंगठा चालतो. पुरुषांचा डावा, बायकांचा उजवा, आणि तो दंडाधिकारी, विशेष कार्यकारी दंडाधिकारी किंवा नोटरीने शिक्क्यासह साक्षांकित केलेला हवा.

त्याआधी एक सोपी गोष्ट करून पाहा. वडिलांचा मोबाइल आणि ईमेल फोलिओत नोंदलेला असेल तर रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावरून ओटीपीने पैसे काढता येतात, तिथे सही लागतच नाही. मोबाइल वडिलांचाच असावा, ते शेजारी बसलेले असावेत, आणि किती रक्कम काढतोय हे त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये साऱ्या देशाचे पासपोर्ट आणि देशाच्या बऱ्याचशा नोटा छापल्या जातात. तिथे आयुष्य काढलेल्या माणसाला खरा कागद म्हणजे काय हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना विचारात घेऊनच सगळं करा. नॉमिनी नोंदलेला आहे का, तेही याच फेरीत पाहून घ्या.

दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. हंगामाचे पैसे आले की मी लिक्विड फंडात (थोड्या काळासाठी पैसे ठेवायच्या फंडात) ठेवतो आणि ऑक्टोबर छाटणीच्या आधी काढतो, औषधं-मजुरीसाठी. यंदा एजंट फोन उचलत नाही आणि पैसे काढायला गेलो तर ओटीपी माझ्या मोबाइलवर येतच नाही. चौकशीत कळलं की फोलिओत नंबर त्याचाच आहे.
एक शेतकरी

भाऊ, हे पत्र वाचून मला राग आला, तुमच्यावर नव्हे. फोलिओत मोबाइल आणि ईमेल गुंतवणूकदाराचा स्वतःचा किंवा घरच्या माणसाचा असायला हवा: पती-पत्नी, अवलंबून असलेली मुलं, आईवडील. एजंटचा नंबर टाकणं नियमाला सोडून आहे. काही जण "तुम्हाला त्रास नको" म्हणून असं करतात, पण अडचणीच्या दिवशी त्याचा अर्थ एवढाच उरतो की तुमच्या पैशांची खबर दुसऱ्याला जाते आणि तुम्हाला जात नाही.

छाटणीची तारीख डोळ्यासमोर ठेवून आत्ताच हालचाल करा. पॅन, आधार, पासबुक आणि फोलिओ नंबर घेऊन नाशिकला रजिस्ट्रारच्या केंद्रात स्वतः या आणि संपर्क बदलाचा फॉर्म सही करून द्या. फोलिओ नंबर नसेल तर पॅनवरून शोधून देतात. तिथेच एकत्रित स्टेटमेंट मागा आणि उभ्या-उभ्या तीन गोष्टी वाचा: बँक खातं तुमचंच आहे का, नॉमिनी कोण लिहिलाय, आणि तुम्हाला ठाऊक नसलेला एखादा व्यवहार झालाय का. व्यवहार अनोळखी दिसला तर तिथल्या तिथे लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. तसं काही नसेल तर ओटीपीची वाट न बघता सही केलेला कागदी अर्ज त्याच दिवशी देता येतो. संपर्क बदलला म्हणून दहा दिवस थांबावं लागत नाही, ती अट बँक बदलण्याला आहे. लिक्विड फंडाचे पैसे साधारण पुढच्या कामकाजी दिवशी जमा होतात.

एजंट बदलायलाही त्याची परवानगी लागत नाही. फंड कंपनीला पत्र दिलं की झालं. आणि जाता जाता, शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी लिक्विड फंडावरचा नफा करपात्र असतो. रिटर्न भरणाऱ्याला ती रक्कम आठवणीने सांगा.

एचएएलमधून निवृत्त होऊन ओझरलाच स्थायिक झालो. ट्रंकेत युनिट ट्रस्टचं १९९२ चं मास्टरगेनचं प्रमाणपत्र सापडलं. पत्ता टाउनशिपमधल्या क्वार्टरचा, पॅन नाही, नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलेलं. याचे काही मिळतील का?

मिळण्याची शक्यता चांगली आहे. मास्टरगेन १९९२ ची ती योजना बंद पडलेली नाही, पुढे नाव बदलत आज ती यूटीआय फ्लेक्सी कॅप फंड म्हणून चालू आहे. मध्यंतरी तुम्ही पैसे काढले नसतील तर युनिट तिथेच असावेत. म्युच्युअल फंडात पॅन सक्तीचं झालं ते २ जुलै २००७ पासून, त्यामुळे त्याआधीच्या प्रमाणपत्रावर ते नसणं स्वाभाविक आहे.

प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. त्याची प्रत घेऊन केफिनटेकच्या केंद्रात जा, या फंडाचं काम त्यांच्याकडे आहे. प्रमाणपत्र क्रमांकावरून फोलिओ सापडतो. सेबीने २०२५ मध्ये मित्रा नावाची ऑनलाइन सोयही सुरू केली आहे. दहा वर्षांत गुंतवणूकदाराने स्वतः काहीच व्यवहार न केलेले फोलिओ तिथे शोधता येतात. पत्त्यासाठी त्या काळचा कागद शोधा: एचएएलचं क्वार्टर वाटपाचं पत्र, जुनं रेशनकार्ड, सेवापुस्तिकेचा उतारा. एका अक्षराच्या फरकाला राजपत्र लागू नये. दोन्ही स्पेलिंग माझीच, असं प्रतिज्ञापत्र आणि बँकेने प्रमाणित केलेली सही यांवर तिथे बोलून पाहा. त्यानंतर पॅन, केवायसी आणि बँक खातं नोंदवायचं, ते वर अशोकनगरच्या ताईंना सांगितलेल्या क्रमानेच. एवढ्या वर्षांत रक्कम किती झाली असेल याचा अंदाज बांधत बसू नका, आणि ती कळल्यावर गावभर सांगूही नका.

मुलगा जूनमध्ये अठराचा झाला. त्याच्या नावाच्या फोलिओतून मी पालक म्हणून पैसे काढू शकते का? तो पुण्याला हॉस्टेलला आहे.
गंगापूर रोड

अठरावा वाढदिवस झाला की पालकाची सही चालत नाही. आता सगळं त्याच्या नावे करायचं: त्याचं पॅन, त्याची केवायसी, एकट्याच्या किंवा पहिल्या नावाचं बँक खातं, आणि "अज्ञानाचा सज्ञान" झाल्याचा फॉर्म, ज्यावर त्याची सही बँकेने प्रमाणित केलेली असते. त्याचं पॅन लहानपणी काढलेलं असेल तर त्यावर फोटो आणि सही नसते, ते आधी अद्ययावत करून घ्या. तो दिवाळीला घरी येईल तेव्हा बँकेची सही उरकून टाका, तोवर बाकीचे फॉर्म भरून ठेवता येतील. चालू असलेली एसआयपी, म्हणजे फंडातला ठरलेला हप्ता, अठरा पूर्ण झाल्यावर थांबते, ती नव्याने सुरू करायची की नाही हे आता त्याला ठरवू द्या.

ज्यांचे अर्ज सगळे कागद देऊनही अडले आहेत त्यांनी आधी फंड कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावं, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार नोंदवावी. तिथे कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सेबीचा टोल-फ्री क्रमांक १८०० २६६ ७५७५ आहे, मराठीतूनही बोलता येतं. पत्र पाठवताना आधार-पॅनच्या प्रती मला जोडू नका. या महिन्यात तिघांनी पाठवल्या होत्या, त्या मी फाडून टाकल्या आहेत.